गाडीनं लावलेला फोन

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य कधीच खरं नसतं. "काहीच नाई केलं जी, आपोआपच बंद पडली." चौतीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. जीपवाल्यांकडून ऐकलं, डॉक्टरांकडून ऐकलं, एकदा एका निवृत्त न्यायाधीशांकडूनही ऐकलं आणि तेव्हा जरा जास्तच बरं वाटलं. गाडीतली वीज आपोआप काही करत नाही. कुठं तार सैल होते, कुठं पाणी शिरतं, कुठं उंदीर बिऱ्हाड करतो, आणि बहुतेक वेळा कुणाचा तरी हात लागलेला असतो. म्हणून गाडीला हात घालण्याआधी मी एकच प्रश्न विचारायचो : शेवटचा हात कोणाचा लागला?

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझं दुकान. आता ते चालवायला दुसऱ्याला दिलं आहे आणि मी सकाळी दोन तास जाऊन कुणी न विचारलेले सल्ले देतो. आमच्या घरात तीन पिढ्या खुर्चीवर बसल्या. आजोबा कचेरीत, वडील तहसीलमध्ये, थोरला भाऊ जिल्हा परिषदेत. मी डॅशबोर्डखाली उताणा झोपून पोट भरू लागलो तेव्हा वडील पाहुण्यांना सांगायचे, "धाकटा विजेच्या लाइनीत आहे." हे अगदीच खोटं नव्हतं. गिऱ्हाइकं मला 'पाठक मिस्त्री' म्हणत. हे दोन शब्द एका दमात ऐकले की आईचा चेहरा पडायचा, आणि मला मात्र त्यात थोडा ताठा वाटायचा.

सुरुवातीला गाडीत वीज ती केवढी? बॅटरी, डायनॅमो, हॉर्न, दोन हेडलाइट आणि शौकीन मालक असेल तर टेप. माझं सगळं हत्यार म्हणजे एक टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा लावलेला बल्ब. तो जिथं पेटला तिथपर्यंत वीज येते, जिथं विझला तिथं आजार. एवढ्या शहाणपणावर मी दोन मुली शिकवल्या. पुढं गाड्यांत कॉम्प्युटर आले आणि शेवटी डॅशबोर्डच्या मधोमध टीव्हीएवढा पडदा आला. गाणी त्यात, नकाशा त्यात, मागचा कॅमेरा त्यात, फोन त्यात. लोक अजून त्याला टेपच म्हणतात. "मिस्त्री, टेप बिघडला," म्हणत माणूस येतो, आणि तो टेप माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग असतो.

त्या प्रश्नाबद्दल मात्र एक गोष्ट कबूल करायची आहे. दुकान नवं होतं तेव्हा झरी जामणीकडून एक प्रवासी जीप यायची. टेकाम नावाचा चाळिशीचा ड्रायव्हर ती चालवायचा, जंगलातल्या रस्त्यांचा खडा न् खडा माहीत असलेला माणूस. जीपची बॅटरी रोज सकाळी मेलेली असायची. मालकानं मला विचारलं, कुणाची करामत? मी डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं, टेपाची तार थेट बॅटरीला जोडलेली दिसली, आणि मी म्हणालो, टेप ज्यानं बसवला त्याची. टेप टेकामनं बसवला होता. मालकानं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तीन आठवड्यांनी जीप परत आली, बॅटरी पुन्हा मेलेली. खरा दोष चार्जिंगच्या आतल्या एका लहानशा भागात होता, आणि तो मी उघडूनही पाहिला नव्हता. टेकाम तोवर तेलंगणात कामाला निघून गेला होता. मी बऱ्याच ड्रायव्हरांजवळ त्याच्यासाठी निरोप ठेवला, तो कधी पोचला की नाही मला कळलं नाही.

तेव्हापासून मी नियम केला : प्रश्न विचारायचा, पण उत्तर आपल्यापाशी ठेवायचं. आजार सांगायचा, हात सांगायचा नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका पिकअपनं तो उतरवला.

शामराव हे आमच्याच तालुक्यातले शेतकरी. कापूस, सोयाबीन, तूर, दोन विहिरी, बोलायला घसघशीत आणि गावात शब्दाला वजन. त्यांनी अक्षय तृतीयेला नवीन पिकअप घेतला होता. पुढं मोटारीसारखी चार दारं, मागं माल भरायचा डाला, आणि आत हा भलामोठा पडदा. मृगानंतर हवेत ओल आली आणि पडद्याचं डोकं फिरलं. गाणं आपोआप बदलायचं, आवाज एकदम वर जायचा नाहीतर पार खाली जायचा, शेताच्या बांधावर उभ्या गाडीत हैदराबादचा नकाशा उघडायचा. नागपूरला ज्यांनी गाडी विकली त्यांनी ती दोनदा ठेवून घेतली, दोनदा प्रोग्रॅम नव्यानं टाकला आणि दोन्ही वेळा दोष सापडला नाही असं लिहून परत दिली. त्यांच्या एसी हॉलमध्ये तो पडदा शहाण्यासारखा वागायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर शामराव थांबले. त्यांनी दुकानात दुसरं कुणी आहे का पाहिलं आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं.

"मिस्त्री, टेप दुरुस्त नाई झाला तरी चालते. मले तुमच्या हातचं एक पत्र पाह्यजे. फोन गाडीनं लावला, मी नाई लावला, असं लिहून द्या. माह्या पोरीचं लग्न त्याच्यावर अटकलं हाये."

मग हकिगत बाहेर आली. त्यांची मुलगी प्रणाली, हिचं लग्न महागावच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं, साक्षगंध झालं होतं, तारीख तुळशीच्या लग्नानंतरची. मुलाला वडील नाहीत. आई सुमनताई, नवरा गेल्यावर चौदा वर्षं शिवणकाम करून तिनं मुलाला शिकवलं. गाडी आली त्या दिवशी सुमनताई शामरावांच्या घरी पाहुण्या होत्या. गाडीच्या पूजेचं ताट आलं तेव्हा प्रणालीनं ते आईच्या हातात न देता होणाऱ्या सासूच्या हातात दिलं. सुमनताई मागं सरल्या. विधवा बाईनं नव्या वस्तूला कुंकू लावणं आमच्याकडे अजून सगळ्यांना चालतं असं नाही, आणि हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. प्रणाली हट्टाला पेटली. शेवटी सुमनताईंनी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, स्टिअरिंगला बोट लावलं, नारळ फोडला. शामराव पाहुण्यांसमोर काही बोलले नाहीत.

मृगानंतर पडदा बिघडला तेव्हा ते बोलायला लागले, पण घरातच. एके दिवशी ते मेहुण्याला घेऊन यवतमाळला निघाले होते. गाणी मधेच किंचाळतात म्हणून त्यांनी आवाज शून्यावर नेला होता आणि वैतागून पडद्यावर आपला दुपट्टा टाकला होता. सकाळीच लग्नाच्या तारखेबद्दल सुमनताईंशी बोलणं झालं होतं, म्हणून फोनच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. दुपट्ट्याखाली पडद्यानं स्वतःच ते दाबलं. महागावला सुमनताईंनी फोन उचलला, चार वेळा 'हॅलो' केलं, आणि मग त्यांना स्वतःचं नाव ऐकू आलं. अशा गाडीत आरशाजवळ छोटा माइक असतो. बोलणाऱ्याला पत्ता नसतो आणि ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द पोचतो.

काय बोललात, हे मी विचारलं. शामरावांनी चहाचा कप खाली ठेवला. ते मेहुण्याला म्हणत होते की त्या बाईचा हात लागला तेव्हापासून गाडीला पनवती लागली. पोरीच्या हट्टापायी करू दिलं. आता लग्नात हेच हात पोरीच्या हळदीला लागतील, ते कसं टाळायचं. फोन सतरा मिनिटं चालू होता. सुमनताईंनी तो मधेच ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून सुमनताईंचा निरोप आला, आमच्याकडून लग्न थांबवा. आम्हाला ऐकू जावं आणि आम्हीच मागं सरावं म्हणून मुद्दाम फोन लावला, तर आम्ही मागं सरलो. प्रणालीनं त्या दिवसापासून बापाशी बोलणं सोडलं होतं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण एक शब्द नाही.

मी गाडी ठेवून घेतली. आता हा पडदा कसा चालतो ते थोडं सांगतो. त्या काचेला दाब कळत नाही. बोटातली जी किंचितशी वीज असते, ती तिला कळते. म्हणून जाड हातमोजा घातला की ती ऐकत नाही, आणि कडेला ओल धरली की त्या ओलीलाच बोट समजते. म्हणजे या पडद्याला ओल द्यायला हवी होती. मी गोणपाटं भिजवून गाडीत टाकली, काचा लावल्या, माझा फोन गाडीला जोडला आणि बाहेर स्टुलावर बसलो. अर्ध्या तासात रेडिओ लागला. मग नकाशा उघडला. मग माझ्या थोरल्या भावाला फोन लागला. भाऊ म्हणाला, "काय रे, आज कशी काय आठवण झाली?" आम्ही चार महिन्यांनी बोलत होतो, आणि तेही गाडीच्या कृपेनं.

फोन गाडी लावते हे सिद्ध झालं होतं. काहून लावते, ते राहिलं होतं. पडदा उघडला तर गॅरंटी जाईल हे शामरावांना सांगितलं, ते म्हणाले जाऊ द्या. प्लास्टिकची पट्टी काढली, चार स्क्रू सोडले, पडदा हातात घेतला. खरं सांगतो, मला आत कुंकू सापडेल असं वाटलं होतं. ओलं कुंकू कुठून तरी ओघळून आत गेलं असेल, हा माझा अंदाज होता आणि त्या अंदाजाची मला भीतीही वाटत होती. भिंग लावून पाहिलं. लाल रंगाचा कणही नव्हता. खालच्या कडेला, जिथं काचेची पातळ पट्टी आत जोडलेली असते, तिथं पिवळट पांढरे खडे जमले होते, तांबं हिरवं पडलं होतं. आणि वास आला. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखायला शाळेत जावं लागत नाही. गोमूत्राचा वास होता.

गोमूत्रात क्षार असतात. उन्हाळ्यात ते वाळून खडे होऊन गुपचूप बसले, पावसाळ्यात हवेतली ओल पिऊन जागे झाले. नागपूरच्या लोकांनी प्रोग्रॅम दहा वेळा टाकला असता तरी खडे जागेवरच राहिले असते.

शामराव गाडी पाहायला आले तेव्हा मी नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटचा हात कोणाचा लागला. ते चटकन म्हणाले, "सांगतलं ना, इहीनबाईचा." मी त्यांच्यासमोर तो भाग ठेवला. त्यांनी वाकून वास घेतला आणि सरळ झाले. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी मीच थोडं शिंपडलं होतं. घरच्याइले माहीत नाई."

थोडं किती, तर तांब्याभर. पाहुणे गेल्यावर, घर उठायच्या आत, आंब्याच्या डहाळीनं सीटवर, स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर. सुमनताईंचा हात पुसून काढायला त्यांनी स्वतःचा हात फिरवला होता, आणि गाडी त्यानं बिघडली होती. मी हसलो नाही. त्यांचा चेहरा पाहून कुणालाच हसू आलं नसतं.

"हे लिहू नका मिस्त्री," ते म्हणाले. "फोन गाडीनं लावला एवढंच लिहा. पोरीसमोर माही काय इज्जत राहीन?"

मला माझा नियम आठवला. आजार सांगायचा, हात सांगायचा नाही. मी दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं की पडद्यात ओल शिरल्यामुळे तो स्वतःहून फोन लावतो, हे मी स्वतः तपासून पाहिलं आहे. खाली सही केली, शिक्का मारला. प्रत्येक शब्द खरा होता. शामरावांनी पत्राचा फोटो महागावला पाठवला आणि मी नागपूरहून नवीन भाग मागवला. जुना भाग खणात ठेवला, आणि गाडी ते बंद पडद्यासह घेऊन गेले.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकानात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, फिकट निळं लुगडं, हातात कापडी पिशवी. महागावहून यवतमाळ आणि यवतमाळहून पांढरकवडा, दोन बसा बदलून आल्या होत्या. मुलाला सांगितलं नव्हतं. पिशवीतून त्यांनी मोबाइल काढला आणि माझंच पत्र मला दाखवलं.

"भाऊ, हे तुम्हीच लिहिलं ना? ओल शिरली म्हनता, ते कशाची?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. चौदा वर्षांत त्यांनी कुंकवात बोट बुडवलं नव्हतं. त्या दिवशी किती पाणी घालायचं त्याचा अंदाज राहिला नाही, कुंकू फार पातळ झालं, स्वस्तिकाचे पाय ओघळले, ते त्यांनी पदरानं टिपले होते. आता पत्रात ओल वाचली आणि त्यांना वाटलं, ती आपल्याच कुंकवाची.

"मले त्याइचा राग आला होता. ते बोलले त्याचा. पन तुमचं पत्र पाह्यलं अन् मनात आलं, शामरावजी खरंच बोलले का काय. तुम्ही गाडी उघडून पाह्यली. खरं सांगा, माह्या हातानं बिघडली का?"

आवाज अगदी साधा होता, पण त्या उत्तरासाठी दोन बसा बदलून आल्या होत्या.

मी हात सांगितला नव्हता, या समाधानात मी चार दिवस झोपलो होतो, आणि माझ्या गप्प बसण्यानं या बाईनं तो हात स्वतःचा मानला होता. दुसरीही एक गोष्ट त्या क्षणी आठवली. हायवे रुंद झाला तेव्हा मला दुकान मागं हलवावं लागलं. नव्या जागेची पूजा होती. वडील वर्षभरापूर्वी गेले होते. आई सकाळीच तयार होऊन आली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली, पूजा संपेपर्यंत. मी तिला बाहेर ये म्हटलं नाही. तीच म्हणाली असती नको, पण मी म्हटलं नाही, हे खरं. शामरावांना नावं ठेवण्याचा माझा अधिकार तेवढाच होता, आणि याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

मी खणातून जुना भाग काढला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. "ताई, कुंकू शोधा. चहा येईस्तोवर शोधा." त्यांनी शिवणाऱ्या माणसाच्या नजरेनं कड न् कड पाहिली. नाही, म्हणाल्या, लाल काहीच नाही. मग त्या थोड्या वाकल्या आणि त्यांनाही वास आला. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. गोमूत्र कशासाठी शिंपडतात हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. कुणी शिंपडलं, हेही त्यांनी मला विचारलं नाही.

मी बाहेर येऊन शामरावांना फोन लावला, स्वतःच्या बोटानं. नवीन भाग आला आहे, गाडी घेऊन या, आणि प्रणालीलाही आणा. भाग खरं तर आदल्या दिवशीच आला होता. आत कोण बसलं आहे ते मी सांगितलं नाही, एवढी लबाडी केली.

दीड तासानं गाडी आली. प्रणाली आधी उतरली, सुमनताईंना पाहून थबकली, मग येऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसली. शामराव दारातच उभे राहिले. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर तो भाग, शेजारी भिंग. प्रणालीनं विचारलं, हे काय आहे काका. मी म्हणालो, बिघाड आहे.

"कशानं झाला?"

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी द्यायला तयार होतो. इतक्या वर्षांचा नियम मोडायचाच, असं मी फोन लावतानाच ठरवलं होतं. पण ते माझ्या तोंडून यायला नको, असंही वाटत होतं. म्हणून मी शामरावांकडे पाहून तोच जुना प्रश्न विचारला, मुलीसमोर, विहीणबाईंसमोर.

"शामराव, शेवटचा हात कोणाचा लागला?"

बाहेरून एक लांब ट्रक गेला आणि दुकानाचं पत्र्याचं दार थरथरलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली.

"माहा," ते म्हणाले. "गोमूत्र मी शिंपडलं. तुम्ही गेल्यावर. कुंकवानं काही नाई झालं." मग म्हणाले, "अन् फोनात जे आयकलं तेबी मीच बोललो. फोन गाडीनं लावला. बोलली नाई गाडी."

प्रणाली खाली पाहत होती. सुमनताईंनी पदर सारखा केला.

"ते फोनवर आयकलं होतं," त्या म्हणाल्या. "हे समोर आयकलं."

मला वाटलं आता त्या उठतील आणि बस पकडायला निघतील. त्यांनी पिशवी उचललीही. पण उठल्या नाहीत. पिशवी मांडीवर ठेवून त्या शामरावांना म्हणाल्या, "लग्न होईन. पन हळदीले मी मागच्या खोलीत बसनार नाई. प्रनालीले पयला हात माहा लागन."

शामरावांनी मान हलवली.

तेव्हा प्रणाली बोलली. बापाशी तिचं ते कितीतरी दिवसांनंतरचं पहिलं वाक्य होतं. "बाबा, तोंडानं सांगा."

"पयला हात तुमचा," शामराव म्हणाले.

मी नवीन भाग बसवायला घेतला, कारण मला कुठंतरी खाली मान घालायची होती. चार स्क्रू, एक पट्टी, वीस मिनिटांचं काम. त्या दिवशी चाळीस लागली. मग जुनं पत्र परत मागून घेतलं आणि दुसरं लिहायला बसलो, तर सुमनताई म्हणाल्या, राहू द्या भाऊ, आता कोणाले दाखवायचं हाये. निघताना त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर आपलं स्वस्तिक उरलंय का ते पाहिलं. ते केव्हाच धुऊन गेलं होतं.

लग्नाला मी गेलो. सहसा मी गिऱ्हाइकांच्या लग्नाला जात नाही, जेवताना कुणीतरी हॉर्नबद्दल विचारतंच. या वेळी मात्र सकाळीच जाऊन पोचलो. नवरदेवाकडची उष्टी हळद आली, बायका जमल्या, आणि एक म्हातारी सवयीनं पुढं सरसावली. तिला कुणीतरी हळूच थांबवलं. सुमनताई पुढं आल्या. त्यांनी हळदीत बोटं बुडवली, या वेळी ती फार पातळ झाली नव्हती.

वाटी शामरावांनी धरली होती.